बारा बटणांची आग

लोखंडी शेगडी पेटवण्याआधी साहेब टोपी घालत. निवृत्त होऊन दीड वर्ष झालं होतं, पण खात्याची ती निळी टोपी डोक्यावर नसताना आगीजवळ जाणं त्यांना बेशिस्तीचं वाटायचं. एकतीस वर्षं त्यांनी बॉयलर इन्स्पेक्टर म्हणून काढली होती. कारखान्यात जायचं, हातोडीनं चार ठिकाणी टकटक करायची, दाबाचा काटा बघायचा, रजिस्टरात शेरा मारायचा आणि चहा घेऊन निघायचं. आता एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती साहेबांच्या पाठीमागे सांगितलेली बरी. या एकतीस वर्षांत त्यांनी स्वतःच्या हातानं एकदाही आग पेटवलेली नव्हती. ते पोचायच्या आधीच ती पेटलेली असायची, आणि ते गेल्यावर तिचं काय व्हायचं ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

गाव डोंगराच्या बरंच वरच्या अंगाला होतं आणि थंडी चार महिने हलायची नाही. बायकोनं साधा उपाय सुचवला होता, की भावाच्या दुकानातून विजेचा हीटर आणू. नेमकं तिथंच साहेबांना झोंबलं. मेहुण्याचं विजेच्या वस्तूंचं दुकान होतं, आणि समोर माणूस दिसला की त्याला काहीतरी समजावून सांगायची त्याला खोड होती. मला ऊब कशी तयार होते ते आता हा सांगणार का, असं म्हणत साहेब घराबाहेर पडले आणि दुपारी चार हमालांसकट परतले. हमालांच्या खांद्यावर कमरेएवढी काळीकुळकुळीत शेगडी होती. तिला एक जाड लोखंडी दार होतं, दाराखाली हवेसाठी सरकती झडप होती आणि मागून निघणारं धुराडं भिंतीतून बाहेर काढायचं होतं.

शेगडी बसली ती पुढच्या खोलीत, कारण मोठी खोली तेवढी एकच होती. आणि पुढच्या खोलीत बायकोचं शिवणकाम चालायचं. तिचं मशीन, कापायचं टेबल आणि गिऱ्हाइकांचे तयार कपडे टांगायचा दांडा, सगळं तिथंच. पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ हे असं एकाच खोलीत येऊन बसलं.

पहिल्या दिवशी साहेबांनी शेगडी प्रवासाची ट्रंक भरावी तशी भरली. खाली कागद, वर काटक्या, त्यावर ओंडके, आणि जिथं फट दिसली तिथं आणखी एक ओंडका. काडी लावली, दार लावलं आणि झडप घट्ट बंद केली, कारण उष्णता बाहेर का जाऊ द्यायची, असा त्यांचा सरळ हिशेब होता. आत बिचाऱ्या आगीचा जीव गुदमरला. पाच मिनिटांनी तपासणीसाठी साहेबांनी दार उघडलं, तेव्हा आतला सगळा धूर एकदम बाहेर येऊन त्यांना भेटला. साहेबांनी खोकत खोकत शेगडीसाठी मुद्दाम आणलेलं रजिस्टर काढलं आणि लिहिलं, ‘प्रज्वलन समाधानकारक. धूर किंचित.’ लिहिताना त्यांना रजिस्टर दिसत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

पुढचे आठ दिवस हेच चाललं. भरायचं, पेटवायचं, दर पाच मिनिटांनी उघडून बघायचं, धूर घ्यायचा, शेरा मारायचा. बायको खिडक्या उघडायची, त्यामुळे खोली आधी होती त्याहून गार व्हायची. शेजारच्या डॉक्टरीणबाईंचे तीन पांढरे कोट दांड्यावर टांगलेले होते. ते घालून त्या दवाखान्यात गेल्या आणि पहिल्याच पेशंटनं त्यांना विचारलं, की दवाखान्यात काही जळतंय का. दुसरा पेशंट विचारत बसला नाही, तो सरळ पळाला. डॉक्टरीणबाईंनी तिन्ही कोट परत पाठवले, वर एक चिठ्ठी. चिठ्ठीत रागाचा एकही शब्द नव्हता, त्यामुळे बायकोला ती जास्तच लागली.

नवव्या दिवशी समोरच्या शेजारणीनं अग्निशमन दलाला फोन केला. तिचंही काही चुकलं नव्हतं. खिडक्यांमधून धुराचे लोट निघत होते आणि आतून एक पुरुष ‘सगळं नियंत्रणात आहे’ असं ओरडत होता. गाडी आली, नळी ओढत चार जवान आत घुसले आणि त्यांचा प्रमुख साहेबांना पाहून जागच्या जागी थांबला.

“साहेब, तुम्ही? गेल्या वर्षी आम्हाला सुरक्षिततेवर व्याख्यान दिलं होतंत.”

साहेब म्हणाले, “हो.”

“फार छान झालं होतं,” प्रमुख डोळे पुसत म्हणाला आणि नळी गुंडाळून निघून गेला.

त्या संध्याकाळी बायकोनं मशीन थांबवलं. तिचं मशीन थांबलं की साहेब सावध व्हायचे, कारण एरवी ती मशीन चालवता चालवताच भांडायची. तिनं शांतपणे सांगितलं, की तिची आई हिवाळ्यासाठी राहायला येतेय. आईचे गुडघे थंडीत आखडतात. रविवारी संध्याकाळी भाऊ तिला घेऊन येईल आणि येताना हीटर गाडीत घालून आणेल. शिवाय शाळेच्या बँडपथकाचे चौदा कोट सोमवारी द्यायचे आहेत, आणि त्यांना धुराचा वास लागला तर पुढच्या वर्षी शाळा दुसरीकडे जाईल.

“रविवारी या खोलीत दोघांतलं एकच राहील,” ती म्हणाली. “बिनधुराची शेगडी, नाहीतर हीटर. धूर दिसला तर शेगडी सोमवारी भंगारात.”

“आणि मी?” साहेबांनी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला.

“ते सोमवारी बघू,” असं म्हणून तिनं मशीन सुरू केलं.

साहेबांना त्या रात्री झोप आली नाही. शेगडीचं त्यांना एवढं वाटत नव्हतं. पण आयुष्यभर ज्या एका गोष्टीवर ताठ मानेनं सही केली, ती गोष्ट आपल्याला येत नाही, हे आता मेहुण्याला कळणार होतं. तो समजावून सांगणार होता. हिवाळाभर समजावून सांगणार होता.

सकाळी टोपी घरी ठेवून ते लाकडाच्या वखारीत गेले. वखारवाल्या बाई ओंडक्यांच्या ढिगाऱ्यावर बसून नखं कापत होत्या. साहेबांनी जरा आवाज चढवूनच विचारलं, की असला धुरकट माल आम्हाला का दिलात. बाईंनी नखं कापणं थांबवलं नाही. त्यांनी आठवण करून दिली, की साहेबांनी स्वतः ढिगातून एकेक ओंडका हातात तोलून सगळ्यात जड तेवढे बाजूला काढले होते.

“जड म्हणजे भरीव,” साहेब म्हणाले.

“जड म्हणजे ओलं. साहेब, तुम्ही गाडीभर पाणी विकत नेलंत.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“तुम्ही विचारत नव्हतात. सांगत होतात.”

एकतीस वर्षांत त्यांना कुणी एवढं थोडक्यात झाडलं नव्हतं. मग बाईंनी दोन ओंडके एकमेकांवर आपटून दाखवले. ओला बद्द वाजला, वाळलेला टणकन वाजला. हे मात्र साहेबांना एकदम पटलं, कारण टकटक करून निदान करणं त्यांच्या रक्तातच होतं. त्यांनी अर्धी वखार वाजवून काढली. बाईंनी पुढचंही सांगितलं. जाड लाकडं खाली, त्यांच्यामध्ये बोटभर फट, वर बारीक ढलपे आणि त्यांच्याही वर काटक्या. पेटवायचं वरून. आग मेणबत्तीसारखी वरून खाली उतरू द्यायची. झडप सुरुवातीला पूर्ण उघडी, लाकडानं चांगला पेट घेतला की अर्धी. पूर्ण बंद कधीच नाही. आगीला जीव असतो, तिला श्वास लागतो.

साहेबांनी सगळं रजिस्टरात उतरवून घेतलं. “आणि मग?”

“मग दार लावून बसायचं.”

“बसून काय करायचं?”

“काही नाही.”

साहेबांनी पेन्सिल वर धरली, पण हे कसं लिहावं ते त्यांना सुचेना.

शुक्रवारी त्यांनी सगळं बाईंनी सांगितल्याबरहुकूम केलं. टणटणीत लाकडं, बोटभर फटी, वरून काडी. आग खरंच वरून खाली उतरायला लागली आणि धूर सरळ धुराड्यातून बाहेर गेला. साहेबांचा चेहरा खुलला. मग त्यांनी दार लावलं आणि समोर खुर्ची टाकून बसले. एक मिनिट गेलं. दोन गेली. आत काय चाललंय कोण जाणे. तिसऱ्या मिनिटाला त्यांचा उजवा हात आपोआप दाराकडे गेला. बघायचं होतं फक्त. धुराचा भपकारा खोलीत आला, आग दचकली आणि साहेबांनी लिहिलं, ‘ज्योत मध्यम.’ तासाभरात त्यांनी असं अकरा वेळा बघितलं. बायकोनं बँडपथकाचे कोट उचलून शेजारणीकडे नेऊन ठेवले.

शनिवारी दुपारी शेगडी पेटल्यावर तिनं तेच चौदा कोट परत आणून साहेबांच्या मांडीवर टाकले.

“यांना बटणं लावायचीत,” ती म्हणाली. “एका कोटाला बारा. मी अस्तर आणायला बाजारात जातेय. तुमचे हात गप्प बसत नाहीत ना, मग इथं चालवा. त्या दाराला हात लावलात तर बघा.”

साहेबांनी सुई हातात घेतली आणि दहा मिनिटं दोरा ओवण्यातच गेली. पहिलं बटण उलटं लागलं, दुसरं स्वतःच्या विजारीला शिवलं गेलं. पण मग त्यांना त्यात गती आली. पितळी बटण नखानं टकटक वाजवून बघायचं, दोरा ताणून बघायचा, चार टाके, गाठ, की पुढचं. हे काम त्यांना मनापासून आवडलं, कारण प्रत्येक बटण म्हणजे एक छोटी तपासणी होती आणि तपासणी झाल्यावर ते जागच्या जागी राहायचं. पहिला कोट संपला तेव्हा त्यांना शेगडीची आठवण आली. त्यांनी दार उघडलं. आत धूर नव्हता, नुसते लालभडक निखारे होते. त्यावर दोन ओंडके ठेवले, ते भपकन पेटले. दार लावून त्यांनी दुसरा कोट घेतला. दुसऱ्या कोटाचं बारावं बटण लागलं तेव्हाही अगदी तसंच. बारा बटणं म्हणजे एक खेप. एवढं सोपं गणित एकतीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

बायको अस्तर घेऊन आली. आल्या आल्या तिनं शाल काढली. मग स्वेटर काढला. मग ती थबकली आणि बाहेर जाऊन धुराड्याकडे बघून आली. तिथून काहीच निघत नव्हतं.

“विझली वाटतं,” असं म्हणत तिनं शेगडीच्या दाराकडे हात नेला.

“उघडू नकोस,” साहेब बटणावरून नजर न उचलता म्हणाले. “नीट पेटली की धूर दिसत नाही. अजून पाच बटणं आहेत.”

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कुणाला तपासणी करण्यापासून अडवलं होतं. बायको एकदा त्यांच्याकडे, एकदा शेगडीकडे बघत राहिली आणि कोटांचा वास घेऊन आली. कोटांना नुसता नव्या कापडाचा वास होता.

रविवारी संध्याकाळी मेहुण्याची गाडी गल्लीत आली. उतरता उतरता त्यानं वर धुराड्याकडे बघितलं, धुराचा मागमूस नाही हे पाहिलं आणि त्याचा चेहरा फुलला. एका हातानं आईला आणि दुसऱ्या हातानं पांढराशुभ्र हीटर धरून तो आत आला.

“दाजी, शहाणपण सुचलं म्हणायचं. दिलीत ना सोडून?” असं म्हणून त्यानं शेगडीच्या ऐन समोर हीटर मांडला, त्याच्यासमोर आईची खुर्ची ओढली आणि हीटरमध्ये ऊब कशी तयार होते ते समजावून सांगायला सुरुवात केली. प्लग अजून त्याच्या खांद्यावरच लोंबत होता.

सासूबाईंच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता आणि दुसऱ्यात आत्मविश्वास. धुरानं काळवंडलेल्या भिंतीपुढची काळी शेगडी त्यांना दिसायचं काही कारण नव्हतं, पांढरा हीटर तेवढा दिसत होता. खुर्चीत बसताच त्यांनी पाय पुढे केले, डोळे मिटले आणि एक दीर्घ सुस्कारा सोडला.

“किती छान ऊब आहे रे. आतापर्यंत गुडघ्यापर्यंत पोचलीसुद्धा. कधी लावलास?”

मेहुण्यानं खांद्यावरच्या प्लगकडे बघितलं, शेगडीकडे बघितलं. माणसानं खरं बोलायची ती वेळ होती. तो म्हणाला, “आत्ताच, आई.”

साहेबांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. पुरावा दोन हातांवर होता. नुसतं ते दार उघडलं असतं तर आतली आग सगळ्यांना दिसली असती. पण ओंडके नुकतेच घातले होते, आत्ता उघडलं तर धूर येणार, आणि धूर आला तर शेगडी भंगारात. त्यांनी चौदाव्या कोटाचं चौथं बटण हातात घेतलं. बायको हे सगळं बघत होती. सासूबाईंचं कौतुक थांबेना. असला मुलगा मिळायला नशीब लागतं, नाहीतर जावईबापूंची ती शेगडी, तिनं म्हणे बंब बोलवायची पाळी आणली होती. साहेबांनी सुई बोटात खुपसून घेतली आणि नुसतं हूं केलं.

खोट्याचं खरं करून टाकावं म्हणून मेहुणा हळूच वाकला आणि भिंतीपाशी सरकत जाऊन त्यानं प्लग खोचला. त्याच बोर्डावर इस्त्री चालू होती, मशीनची मोटर होती. खट्ट असा आवाज झाला आणि घरभर अंधार पसरला. अंधारात फक्त शेगडीच्या झडपेची एक लाल रेघ दिसत होती.

“वीज गेली वाटतं,” सासूबाई म्हणाल्या. थोडा वेळ त्या पाय शेकत बसल्या. मग भारावलेल्या आवाजात म्हणाल्या, “पण हीटर बघ, चालूच आहे. याला म्हणतात वस्तू. तो लाल दिवा त्याचाच ना रे?”

“हो आई,” मेहुणा जमिनीलगतून कुठूनतरी म्हणाला.

साहेबांच्या शेजारी कसलातरी चमत्कारिक आवाज येत होता. त्यांनी हात लावून बघितलं. बायको तोंडात शिवणाची टेप कोंबून हसत होती आणि हसता हसता तिनं त्यांचा हात घट्ट धरला होता. शेगडी घरात आल्यापासून ती हसली नव्हती. साहेबांना वाटलं, फ्यूज आणखी थोडा वेळ तसाच राहू दे.

फ्यूज बसवून, मान खाली घालून मेहुणा गेला. हीटर इंचभरही हलवायचा नाही, अशी सासूबाईंची सक्त ताकीद होती, म्हणून तो शेगडीसमोर तसाच राहिला, प्लग न लावता. साहेबांनी भीत भीत विचारलं, की दोघांतलं एकच राहणार होतं, त्याचं काय. बायकोनं रजिस्टर उघडलं आणि शेऱ्याच्या रकान्यात कापडावर खुणा करायच्या निळ्या खडूनं लिहिलं, ‘पास. तपासणीची गरज नाही.’ खाली तिनं सही केली. साहेब ते पान बराच वेळ धरून बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते धुरामुळे आलंय असं म्हणायची या वेळी काही सोय नव्हती.

गुरुवारी मेहुण्याचा फोन आला. आवाज अगदीच बारीक झाला होता. सासूबाईंनी आपल्या सगळ्या मैत्रिणींना फोन करून सांगितलं होतं, की माझ्या मुलाच्या दुकानात वीज गेली तरी चालणारा हीटर मिळतो. सहा म्हाताऱ्या दुकानात येऊन बसल्या होत्या आणि तोच हीटर घेतल्याशिवाय उठत नव्हत्या. त्यांतल्या दोघींनी शिदोरी आणली होती.

“दाजी, तुम्ही तरी आईला खरं काय ते सांगा,” मेहुणा म्हणाला. “मी सांगितलं तर जीव घेईल माझा.”

साहेबांनी खोलीकडे बघितलं. सासूबाई पाय शेकत सातव्या मैत्रिणीला फोन लावत होत्या. बायकोचं मशीन एका लयीत चाललं होतं. शेगडीतून आवाजसुद्धा येत नव्हता.

“आत्ता नाही,” साहेब म्हणाले. “चांगली पेटलीय. मध्ये हात घालायचा नाही.”

मग त्यांनी फोन ठेवला आणि नव्या गिऱ्हाइकाच्या कोटाचं सातवं बटण उचललं.